माजी सैनिक बेघर असेल, तर आधी काय करावं?

२०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार लोक बेघर नोंदले गेले. त्यांतले २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रातले होते. यांपैकी किती जण कधीकाळी फौजेत होते, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे माजी सैनिकांसाठी एक यंत्रणा आहे आणि बेघरांसाठी दुसरी. पहिलीच्या दारात डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), पत्ता आणि बँक खातं मागतात. रस्त्यावर आलेल्या माणसाकडे नेमकं तेच उरलेलं नसतं. दुसरीकडे, रात्रनिवाऱ्यात, नाव, गाव, वय, आजार लिहून घेतात. पूर्वी नोकरी कुठे केली हे सहसा विचारत नाहीत. त्यामुळे ज्याच्या खात्यावर दरमहा मदत जमा व्हायला हवी, तो माणूस फुकट जेवणाच्या रांगेत वर्षं काढतो. या दोन यंत्रणांची गाठ घालून देणं, हीच बेघर माजी सैनिकाला करता येण्यासारखी सर्वांत मोठी मदत आहे. सरकारने ती कायमची घालावी, हे खरंच. तोवर सोसायटीचा सेक्रेटरी, रिक्षावाला, कॉलेजातली मुलगी, निवृत्त कारकून, कुणीही ती एका माणसापुरती घालू शकतो. नवी मुंबईत ती कशी घालायची, ते क्रमाने पाहू.

फौजी रस्त्यावर येतोच कसा?

‘फौजीला काय, पेन्शन असतंच,’ असं आपण सहज म्हणतो. जवानाला सेवानिवृत्तीचं पेन्शन मिळायला १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी जे बाहेर पडले, त्यांना ते नाही. आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे ‘बोर्ड आऊट’ झालेल्यांची गोष्ट वेगळी. सेवेमुळे अपंगत्व आलं असं मान्य झालं तर अपंगत्वाचं पेन्शन मिळतं. तसं मान्य झालं नाही आणि सेवा १० वर्षांपेक्षा कमी असली, तर एकरकमी ग्रॅच्युइटी घेऊन घरी जायचं, असा नियम अनेक वर्षं होता. २०२०मध्ये केंद्राने ही १० वर्षांची अट काढली, पण ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरतीच. त्याआधी घरी आलेले म्हातारे त्याच्या बाहेर राहिले.

दुसरं कारण नोकरीचं. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरकडचे कितीतरी माजी सैनिक नवी मुंबईत सुरक्षारक्षक म्हणून येतात. एजन्सीने दिलेल्या खोलीत राहतात. साठी उलटली, गुडघे गेले, नोकरी सुटली की त्याच दिवशी खोलीही सुटते. गावाकडचं घर तोवर भावांच्या वाटणीत गेलेलं असतं, आणि ज्या गावाने वाजतगाजत पाठवलं तिथे रिकाम्या हाताने परतायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

तिसरं कारण घरातलं. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला फ्लॅट मुलाच्या नावावर केला आणि पुढे त्याच घरात जागा उरली नाही. चौथं कारण दारू आणि मनाचे आजार. पाचवं कारण ऐकायला किरकोळ वाटतं, पण परिणाम मोठा: हयातीचा दाखला राहिला म्हणून चालू पेन्शन थांबलं, आणि ते परत सुरू करायला कुठे जायचं हेच माहीत नाही.

कारण कोणतं हे आधी समजून घ्या, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या टेबलावर आहे.

पहिल्या भेटीत

‘तुम्ही खरंच आर्मीत होता का?’ असं विचारलं की माणूस आक्रसतो. ‘काका, कुठल्या पलटणीत होता?’ असं विचारा. भरती कुठे झाली, ट्रेनिंग कुठे झालं, ट्रेड काय होता, या प्रश्नांवर खरा फौजी खुलतो. सर्व्हिस नंबर विचारा. बायकोचं नाव विसरलेल्या माणसालाही तो नंबर पाठ असतो, असं फौजी थट्टेने म्हणतात. त्यात तथ्य बरंच आहे. नंबर, नाव, रेजिमेंट, भरतीचं आणि सुटण्याचं अंदाजे साल आणि मूळ गाव व तालुका, एवढं कागदावर उतरवून घ्या.

व्हिडिओ काढू नका. ‘देशासाठी लढलेला जवान आज फुटपाथवर’ अशी चित्रफीत दोन दिवस फिरते आणि गावाकडच्या नातेवाइकांपर्यंत पोचते. मग तो माणूस ती जागाच सोडून निघून जातो. फोटो अर्जापुरता, तोही विचारून.

रात्रीची सोय त्याच दिवशी पाहा. महापालिकेच्या समाजविकास विभागाकडे किंवा विभाग कार्यालयाकडे बेघर निवारा केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार असा निवारा बारा महिने, चोवीस तास उघडा हवा. माणूस साठीपुढचा असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर फोन करा. महिनोन्‌महिने आसरा लागणार असेल, तर वृद्धाश्रमांकडेही विचारणा करा: खडवलीजवळ मातोश्री वृद्धाश्रम आहे, पनवेलजवळ नेरे येथे शांतिवन आहे. जागा रिकामी आहे का आणि अटी काय, हे फोनवर विचारून मगच माणसाला घेऊन जा.

तो भ्रमिष्टासारखा वागत असेल, स्वतःशीच बोलत फिरत असेल, तर वाट वेगळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. ११२ ला फोन करा, कलमाचा उल्लेख करा. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणारी डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था कर्जतला आहे. याच कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा माणसाच्या बोलण्यात पलटणीचा उल्लेख आला तर तो भास समजून सोडून देऊ नका. सैनिकांचं दप्तर सांभाळणाऱ्या, त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये त्याच्या घरचा पत्ता असू शकतो.

ठाणे की अलिबाग?

माजी सैनिकांच्या सगळ्या सरकारी मदतीचं दार म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. नवी मुंबईकरांची पहिली अडचण इथेच होते, कारण आपलं शहर दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. दिघा, ऐरोलीपासून वाशी, नेरुळ, बेलापूरपर्यंतचा नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. त्यासाठी ठाण्याचं कार्यालय. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा, नवीन पनवेल, तसंच उलवे, द्रोणागिरी हा भाग रायगडमध्ये. त्यासाठी अलिबागचं कार्यालय. बेलापूरच्या माणसाला अलिबागला नेलंत तर एक दिवस आणि त्याची उरलीसुरली उमेद, दोन्ही वाया जातात.

त्याची मूळ नोंदणी बहुधा गावाकडच्या जिल्ह्यात असेल. ती इकडे बदलून घेता येते. या कार्यालयांत ‘कल्याण संघटक’ नावाचं पद असतं. हे बहुतेक स्वतः माजी सैनिक असतात. साहेबांची वेळ मागण्याआधी त्यांना भेटा. काम कुठे अडलंय हे ते बोलण्यावरूनच ओळखतात.

कागद

मदतीची पहिली अट ‘माजी सैनिक’ असल्याचा पुरावा. पेन्शनवर निवृत्त झालेले, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे बाहेर पडलेले आणि ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह मोकळे झालेले सर्वसाधारणपणे या व्याख्येत बसतात. गैरवर्तनाबद्दल काढलेले, किंवा पेन्शनची सेवा होण्याआधी स्वतः अर्ज करून सुटलेले सहसा बसत नाहीत. नेमका निर्णय डिस्चार्ज बुकातल्या ‘सुटण्याचं कारण’ या नोंदीवर होतो. म्हणून आधी ते पुस्तक.

पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा आणि सर्व्हिस नंबरसह संबंधित रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नौसैनिक असेल तर फार लांब जायला नको: नाविकांचं दप्तर सांभाळणारं ब्युरो ऑफ सेलर्स वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दच्या चिता कॅम्पमध्ये आहे. अर्ज सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर त्याला वजन येतं.

आधार कार्ड नसेल तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. म्हणजे निवाऱ्यातला मुक्काम हा रात्रीच्या झोपेपुरता नसतो, त्यातून पत्ताही मिळतो. बेघर माणसाला मतदार म्हणूनही नाव नोंदवता येतं. तो खरोखर त्या जागी झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन पाहतो. आधार झालं की पोस्टात किंवा बँकेत खातं उघडा. इथवर आलात की अर्धं काम झालं.

पैसा

पेन्शन होतं पण थांबलं असेल, तर हयातीचा दाखला द्या. संरक्षण दलांचं पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून मिळतं. दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. दाखला पोचला की पेन्शन सुरू होतं आणि थकबाकीही मिळते. रस्त्यावर आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या नावावर वर्षा-दोन वर्षांचं पेन्शन साचलेलं असू शकतं. त्याआधी एक काळजी घ्या. पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा, आणि ते दुसऱ्याकडे असेल तर खातं बदलूनच पुढे जा.

पेन्शन मुळातच नसेल, तर केंद्रीय सैनिक बोर्डाची दारिद्र्य अनुदान योजना सर्वांत महत्त्वाची. वय ६५ पूर्ण, हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा, पेन्शन नाही, नियमित उत्पन्न नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला हे अनुदान मिळतं. ते दरमहा ४ हजार रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५पासून आलेल्या अर्जांसाठी ते ८ हजार झालं आहे, आणि आता ते तहहयात आहे. अर्ज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. कागदांची पडताळणी जिल्हा कार्यालय करतं. हा पैसा सशस्त्र सेना ध्वज दिन निधीतून येतो. दर ७ डिसेंबरला आपण छातीवर छोटा झेंडा लावून डब्यात जी नोट टाकतो, ती इथे पोचते.

अपंगत्वाचं पेन्शन चुकीने नाकारलं गेलं असं वाटत असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून तिच्यात सैनिक बोर्डांमध्येच मोफत कायदा सल्ला केंद्रं चालवायची आहेत. प्राधिकरणाचा फोन १५१००.

साठीच्या आतला, धडधाकट माणूस असेल तर अनुदानापेक्षा काम मोलाचं. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, सुरक्षारक्षकाची कामं देतं. काम लावताना राहण्याची सोय कुणाकडून आणि किती दिवसांची, हे लिहून घ्या, नाहीतर साठीला तोच प्रसंग पुन्हा येईल.

घर

म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिक व त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी ५ टक्के, आणि युद्धात मरण पावलेल्या किंवा जखमी झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी २ टक्के घरं राखीव असतात. सिडकोच्या सोडतीतही माजी सैनिकांचा प्रवर्ग असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र तयार ठेवलं तर जाहिरात निघाल्यावर धावाधाव होत नाही. महाराष्ट्रातल्या वास्तव्याची आणि देशात कुठेही पक्कं घर नसल्याची अट कशी लिहिली आहे, ते पुस्तिकेत आधी वाचा. नोकरीची वर्षं राज्याबाहेर काढलेल्या फौजीची अडचण अधिवासाच्या दाखल्यावर होऊ शकते.

पण खरं बोलायचं तर सोडत हा बेघराचा मार्ग नव्हेच. ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या २०२४च्या योजनेत तळोज्यातलं स्वस्तातलं घर सुमारे २५ लाखांचं आणि वाशीच्या ट्रक टर्मिनलमधलं सुमारे ७४ लाखांचं होतं. महिना ८ हजारांवर जगणाऱ्या पासष्टीच्या माणसाला यासाठी कोणती बँक कर्ज देणार? ज्याची मुलं कमावती आहेत आणि त्याला सांभाळायला तयार आहेत, त्याच्यासाठी हे आरक्षण उपयोगी आहे. एकट्याला हवी ती भाड्याची खोली, आणि नेमकी तिच्यासाठी आज कोणतीही सैनिक कल्याण योजना डिपॉझिट देत नाही. सध्या हा खड्डा माजी सैनिकांच्या संघटना, गणेश मंडळं, सोसायट्या वर्गणीतून भरू शकतात. भाडेकरार मात्र त्या माणसाच्या नावानेच करा. पुढच्या प्रत्येक अर्जाला तो पत्ता लागणार आहे.

ज्याचं घर आहे त्याने ते टिकवावं. महाराष्ट्रात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने मालमत्ता कर माफीची योजना २०२०पासून आहे. सवलत आपोआप लागत नाही. महापालिकेच्या मालमत्ता कर विभागात अर्ज करावा लागतो.

मुलांनीच बाहेर काढलं असेल तर

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या निर्वाह व कल्याण कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुलांकडून दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. ‘सांभाळ करीन’ या अटीवर घर बक्षीस दिलं आणि मुलाने सांभाळ केला नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द ठरवता येतं. अडचण अशी की ही अट बक्षीसपत्रात अनेकदा लिहिलेलीच नसते, आणि मग ती सिद्ध करणं अवघड होतं. म्हणून आज जे निवृत्त होत आहेत त्यांना सांगणं एकच: हयातीत घर कुणाच्या नावावर करू नका, मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळाची अट त्यात शब्दांत लिहा.

धोरणाकडे काय मागायचं?

एका माणसाची गाठ आपण घालू शकतो. शहराची घालायला धोरण लागतं. अमेरिकेत २०१०च्या मोजणीत ७४,०८७ माजी सैनिक बेघर होते. जानेवारी २०२४ मध्ये ही संख्या ३२,८८२ वर आली. तिथे गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं आणि माजी सैनिक खातं त्याच माणसामागे समाजकार्यकर्ता नेमतं. आधी दारू सोड, मग घर देतो, अशी अट घालत नाहीत. आधी दाराला कडी असलेली खोली, मग उपचार. दोन खाती एका माणसासाठी एकत्र बसली, एवढंच त्यातलं मर्म. आपल्याला त्यांच्याइतका पैसा नसेल, पण एकत्र बसायला पैसा लागत नाही.

नवी मुंबईपुरत्या चार मागण्या रास्त आहेत. पहिली, निवारा केंद्राच्या नोंदवहीत ‘सैन्यात सेवा’ आणि ‘सर्व्हिस नंबर’ असे दोन रकाने. दुसरी, महिन्यातून एकदा कल्याण संघटकाची निवाऱ्याला भेट, ठाण्याच्या आणि अलिबागच्याही. तिसरी, सिडकोची काही घरं भाड्याने. २०२४च्या योजनेत २६ हजार घरं होती आणि त्यांच्यासाठी अर्जदार सुमारे २१ हजारच आले. उरलेल्या घरांपैकी थोडी एकट्या, वृद्ध माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना परवडणाऱ्या भाड्याने द्यायला काय हरकत आहे? चौथी, अग्निवीरांचा विचार आत्ताच. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ संपता संपता पूर्ण होतात. सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळेल, पण पेन्शन नाही आणि योजनेच्या नियमांनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. चौथ्या हिश्शापर्यंतच पुढे कायम होतील; बाकीच्यांसाठी वर सांगितलेली बहुतेक दारं उघडणार नाहीत.

मागणी करताना हातात आकडा हवा. प्रत्येकी १० रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा. महापालिकेला विचारा: निवारा केंद्रं किती, क्षमता किती, त्यांत माजी सैनिक किती? निकष एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांच्या एका निवाऱ्याचा आहे आणि २०११ मध्येच शहराची लोकसंख्या ११ लाख २० हजार होती, हेही अर्जात लिहा. दुसरा अर्ज ठाणे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला: महापालिका क्षेत्रात दारिद्र्य अनुदान घेणारे किती, आणि त्यांतले स्वतःच्या घरात राहणारे किती? ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘अशी माहिती संकलित केलेली नाही’ असं उत्तर आलं, तरी ते फाडून टाकू नका. नोंदवहीतले ते दोन रकाने का हवेत, हे नगरसेवकाला पटवून द्यायला तेवढं एक पत्र पुरेसं आहे.